लेकरू राहतं कुठं

पंचफुलाबाईला कोणी गाव विचारलं, की ती उलट विचारायची, "पावसाळ्यातलं सांगू का उन्हाळ्यातलं?"

ती थट्टा करत नव्हती. आखाडा बाळापूरच्या पुढं कोसभरावर त्यांची वाडी. तिथं एक कुडाचं घर होतं, पण त्या घरात चूल पेटायची ती मृगापासून दसऱ्यापर्यंतच. दसरा झाला की तिचा बाप नामाजी मेंढरं बाहेर काढायचा, घोड्यावर बिऱ्हाड चढायचं, आणि नांदेड, बिलोली करत करत सगळे मांजरा नदी ओलांडून आंध्रात उतरायचे. तिकडं एकेका शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची. लेंडीखत वावराला, आणि बदल्यात ज्वारी मेंढपाळाला. असं सात-आठ महिने. पंचफुला चालायला शिकली ती याच वाटेवर, आणि तिचं लग्नही याच वाटेवर जमलं.

नवरा चंपत त्यांच्याच जातीचा, बोधनजवळच्या एका खेड्यातला. पण त्याच्या बापानं मेंढरं कधीच विकून जमीन घेतली होती. चंपत ट्रॅक्टर चालवायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा. लग्नात त्याला पाहून नामाजी खुश झाला होता. "माझी लेक आता एका जागी बसून खाईन," असं तो येईल त्याला सांगत होता.

एका जागी बसणं पंचफुलाला जमलंही असतं. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी चंपत म्हणायला लागला, की तुझ्या अंगाला मेंढराचा वास येतो. आधी ती हसली. मग दोनदा आंघोळ करू लागली. पुढं निजामाबादची एक बाई घरात आली, तेव्हा पंचफुलाला कळलं की वास मेंढराचा नव्हताच. सासू भागूबाई पोराला बोलली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. पण पोरगा ऐकेना. अठ्ठ्याण्णवच्या सुगीत पंचफुलानं दोन वर्षांची लेक सुकन्या कडेवर घेतली, आणि बापाची मेंढरं कुठं बसली आहेत ते विचारत विचारत ती मांजरेच्या काठी पोचली. नामाजीनं लेकीकडं पाहिलं, नातीला खाली उतरवून घेतलं, आणि एवढंच म्हणाला, "भाकर खाय आधी."

त्यानंतरची दोन वर्षं बरी गेली. सुकन्या कोकरांच्या मागं पळायची, घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसून डुलक्या घ्यायची. पावसाळ्यात वाडीतल्या अंगणवाडीत चार दिवस जाऊन बसायची, पुढचे चार दिवस नको म्हणायची. पंचफुलाचा धाकटा भाऊ प्रभू तिला मामा कमी आणि घोडं जास्त वाटायचा.

दोन हजार सालच्या हिवाळ्यात मेंढरं मांजरेपलीकडं एका उसाच्या मोकळ्या वावरात बसली होती. दुपारी चंपत मोटारसायकलवर आला. हातात शेव-चिवड्याचा पुडा. नामाजीनं घोंगडी अंथरली. शेवटी जावई, त्याला उभं कसं ठेवायचं? चंपत जेवला, मेंढरांची चौकशी केली, आणि मग म्हणाला, "आईला पोरीला बघू वाटून राहिलं. दोन दिवसांत आणून सोडतो."

पंचफुलाच्या मनात पाल चुकचुकली. पण भागूबाईचा नातीवर जीव होता, हे तिला ठाऊक होतं. तिनं सुकन्याचे केस विंचरले, धुतलेला झगा घातला. पोरगी मोटारसायकलच्या टाकीवर बसून हात हलवत गेली.

दोन दिवस गेले, आठवडा गेला. पंचफुला बोधनकडं निघाली. चंपत दारातच उभा राहिला.

"पोरगी कुठं हाय?"

"माझी पोरगी माझ्या घरी हाय. तुला काय तकलीफ?"

आतून सुकन्याचं रडणं ऐकू येत होतं. कोणीतरी तिला उगी-उगी करत होतं, बहुतेक भागूबाईच. दार लागलं.

तिकडच्या ठाण्यात जमादार म्हणाला, बापानं आपलीच पोरगी नेली, याला चोरी म्हणत नाहीत, कोर्टात जा. इकडं येऊन ठाण्यात सांगितलं, तर ते म्हणाले, घडलं आंध्रात, आमी काय करावं? तिकडं जा. नदीच्या दोन काठांवरून तिला दोघांनी परत फिरवलं, आणि पोरगी तिकडंच राहिली.

हिंगोलीत करुणा खिल्लारे नावाची वकीलबाई नवीन होती. मूळची हट्टा गावची, त्यांच्या घराण्यातली पहिलीच वकील. बाळापूरच्या बाजारात कोणीतरी तिचं नाव सांगितलं. करुणानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही, हे पंचफुलाला आवडलं. मग ती म्हणाली, "पंचफुलाबाई, पोरगी लहान हाय, आई चांगली हाय, हे सगळं नंतर. कोर्ट आधी एकच विचारील. लेकरू नेहमी राहतं कुठं? ज्या जिल्ह्यात लेकराचं राहणं, त्याच जिल्ह्याच्या कोर्टाला त्याचा निवाडा करता येतो. चंपत म्हणणार, पोरगी बोधनला राहते, तर निवाडा निजामाबादच्या कोर्टात करा."

"राहते कुठली? फसवून नेली न त्यानं!"

"तेच आपण सांगायचं. आपलं घर वाडीत. मेंढरं चारायला तेवढं बाहेर जातो, पण परत येतो ते वाडीतच. माणूस नोकरीला मुंबईला गेला म्हणून त्याचं गाव बदलत न्हाई. एवढंच बोला, जास्त बोलू नका."

पंचफुलानं ते पाठ केलं. मेंढरांमागं चालताना ती पुटपुटायची: आमचं घर वाडीत, आमचं घर वाडीत. प्रभू हसायचा. "अक्का, मेंढरांनाबी पाठ झालं आता."

कोर्टात तारखा पडत गेल्या. कधी चंपतचा वकील आला नाही, कधी साहेब रजेवर. प्रत्येक तारखेला ती मांजरेपलीकडून निघायची, नांदेडला गाडी बदलायची आणि हिंगोलीत उतरून कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसायची. शेवटी तिचा जबाब घ्यायचा दिवस उगवला. चंपत समोरच्या बाकावर पाय पसरून बसला होता. तोच इस्त्रीचा शर्ट.

चंपतच्या वकिलाचा आवाज मऊ होता. "बाई, दिवाळीत तुम्ही वाडीत असता?"

"न्हाई."

"संक्रांतीला?"

"न्हाई. मेंढरांबराबर असतो."

"मागच्या दोन्ही संक्रांती कुठं केल्या?"

"मांजरेपलीकडं."

"म्हणजे आंध्रात. मुलगी तेव्हा तुमच्याजवळ?"

"मग कुणाजवळ राहीन?"

"आणि मुलीच्या वडिलांनी तिला नेलं, ती जागा कोणत्या राज्यात?"

पंचफुलानं करुणाकडं पाहिलं. करुणा उठून काहीतरी बोलली, साहेबांनी तिला बसायला सांगितलं. पंचफुला म्हणाली, "आंध्रात. पण आमचं घर वाडीत हाय."

"घर वाडीत, आणि तुम्ही वर्षातला बहुतेक काळ उघड्यावर. म्हणजे सरळ सांगायचं तर तुम्ही बेघर आहात. बरोबर?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. चंपतच होता तो. पंचफुलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला बापाची घोंगडी आठवली, जावयासाठी झटकून अंथरलेली. पाठ केलेलं सगळं तोंडातून उडून गेलं.

"बेघर काहून?" ती म्हणाली. आवाज एवढा चढला की शिपाई दारात आला. "माझी मेंढरं बसतील तिथं माझं घर. मांजरेच्या अलीकडं बसली तं अलीकडं, पलीकडं बसली तं पलीकडं. माझी पोरगी त्याच घरात राहत होती. बेघर नव्हती ती!"

वकील हसला नाही. त्यानं मान लववली आणि म्हणाला, "एवढंच विचारायचं होतं, साहेब."

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "बाई, वाडीतल्या घरात वर्षभर कोणी राहतं का?"

"न्हाई जी."

त्यांनी लिहून घेतलं.

निकाल महिन्याभरानं आला. करुणानं तो लिंबाखालीच समजावला. पोरगी कुणाजवळ असावी, यावर कोर्टानं एक शब्दही काढला नव्हता. मुलगी हिंगोली जिल्ह्यात कायम राहत होती असं दिसत नाही, सबब या कोर्टाला हा अर्ज ऐकता येत नाही; अर्जदारानं तो योग्य त्या कोर्टात न्यावा. दीड वर्षात झालं ते एवढंच.

"माझ्या तोंडानं गेलं न लेकरू?" पंचफुलानं विचारलं.

करुणानं निकालाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तुमी खोटं बोलल्या न्हाईत. औरंगाबादला अपील करता येईल. पण त्यात वर्षं जातील."

"आणि ते दुसरं कोर्ट?"

"निजामाबादचं. तिथं वकील तेलुगू, कारभार सगळा तिकडचा. मी ओळखीनं कुणाची तरी गाठ घालून देते. पण पंचफुलाबाई, ते त्याचं घर हाय, तुमचं न्हाई."

"लेकरू जिथं राहतं तिथंच कोर्ट, असंच हाय न? मग मीबी तिथंच जाते."

त्या वर्षी नामाजीची मेंढरं पाऊस लागला तरी वाडीकडं परतली नाहीत. बोधनच्या आसपास एका वावरातून दुसऱ्या वावरात फिरत राहिली. चिखलानं मेंढरांचे खूर सडले, कोकरं दगावली. प्रभू रोज कुरकुरायचा. नामाजी सडलेले खूर धूत बसायचा. जावयाला जेवू घातलं होतं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

निजामाबादच्या कोर्टातलं बोलणं पंचफुलाला कळायचं नाही. मराठी जाणणारा एक कारकून शेजारी उभा राहून जमेल तसं सांगायचा. तिथंही तारखा झाल्या, आणि एक दिवस न्यायाधीशांनी सुकन्यालाच आपल्या खोलीत बोलावलं. पोरगी आता सात वर्षांची, दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक. आईसमोरून ती गेली, पण डोळे जमिनीवर. भागूबाईचा पदर तिनं दारापर्यंत सोडला नाही.

खोलीतून ती बाहेर आली तेव्हा कारकुनानं पंचफुलाला सांगितलं, "पोरगी म्हणाली, आई चांगली आहे. पण ती कुठं असते ते मला माहीत नसतं."

पंचफुला भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. नुसती बसून राहिली, ती कोर्ट उठेपर्यंत.

पोरगी बापाकडंच राहिली. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-आठ दिवस आईनं न्यावी, असं ठरलं.

पहिल्या दिवाळीला पंचफुलानं वावरात घातलेल्या झोपडीपुढची जागा शेणानं सारवली. पोरीसाठी गादी आणली, कोकरू निवडून ठेवलं. सुकन्या आली आणि उभीच राहिली. कुत्र्यांना भ्याली. भाकर नको म्हणाली, भात मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं रडायला जे सुरू केलं, ते दुपारपर्यंत थांबेना. "आजीकडं ने" एवढंच तिच्या तोंडात.

"रडू दे," नामाजी म्हणाला. "दोन दिवसांत रुळंल. आठ दिवस कोर्टानं दिलेत तुला."

पंचफुलानं पोरीचा सुजलेला चेहरा पाहिला. मग तिनं तिची वेणी घातली, पायात चपला घातल्या आणि तिला घेऊन रस्त्याकडं निघाली. रस्त्याला लागताच पोरीचं रडणं थांबलं.

भागूबाई दारात तांदूळ निवडत होती. ती उठून उभी राहिली. "काहून आणलीस? अजून सुट्टी हाय न?"

"रडून राहिली, आत्याबाई. बांधून ठेवायला ते काय मेंढरू हाय?"

सुकन्या पळत आत गेली. पंचफुला वळली, तेव्हा मागून भागूबाई म्हणाली, "थांब. चंपत गावात न्हाई. जेवून जा."

ज्या चुलीपुढून तिला उठवलं होतं, तिच्यापुढं ती जेवायला बसली. भागूबाई वाढत होती. सुकन्या आजीच्या आडून आईकडं पाहत राहिली, आणि हळूहळू सरकत येऊन तिच्या ताटातलं लोणचं तिनं उचललं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणाला वाटलं नव्हतं ते झालं. भागूबाई नातीचा हात धरून, दुसऱ्या हातात भाताचं पातेलं घेऊन मेंढरांच्या वावरात आली. "मीबी राहते आठ दिवस," ती म्हणाली. "माझा बापबी मेंढरंच वळायचा. चंपतला ठाऊक न्हाई, पण मला मेंढराचा वास कधी आला न्हाई." ती झोपडीत राहिली, कोकरांना दूध पाजलं, आणि तिच्या मांडीला टेकून सुकन्या हळूहळू कुत्र्यांना भ्यायची थांबली. चंपत शिव्या देत आला तेव्हा म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "कोर्टानं दिलेत दिवस. तूच गेला होतास न कोर्टात? मग मान आता."

अशा चार-पाच वर्षांच्या सुट्ट्या गेल्या. पण सुट्टीपुरतीच आई. बाकीचे दिवस पंचफुलाला रस्त्यावर शाळेचा निळा फ्रॉक दिसला की पाय अडायचे. त्यात प्रभूचं लग्न झालं. तिकडच्या वावरांत आता कालवे आले, ऊस वाढला, मोकळं रान उरलं नाही. वाशीमकडं चराई चांगली, असं प्रभू दरसाल म्हणायचा, आणि दरसाल पंचफुला मेंढरं मांजरेकडंच वळवायची. शेवटी तो म्हणाला, "अक्का, तुझ्या एका लेकरापायी माझी लेकरं उपाशी मारू काय?" त्याचंही खोटं नव्हतं. मेंढरं वाटली गेली. प्रभू वाशीमकडं वळला. पंचफुला थोडी मेंढरं आणि थकलेला बाप घेऊन बोधनच्या वाटेला लागली. पुढच्या हिवाळ्यात नामाजी त्याच वाटेवर, बिलोलीच्या अलीकडं वारला. माती द्यायला त्याला वाडीत आणावं लागलं.

दोन हजार आठमध्ये चंपत दुसऱ्या बायकोला घेऊन कामासाठी हैदराबादला निघाला. सुकन्यालाही न्यायचं म्हणाला. घरात दुसरीच्या धाकट्या दोन पोरांना सांभाळायला कोणीतरी लागत होतं. बारा वर्षांची सुकन्या आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. भागूबाई म्हणाली, "माझ्या मागं तिला मोलकरीण करशील. न्हाई येत ती." चंपत रागानं तिला सोडूनच गेला. पण म्हातारीला आता दिसत कमी होतं, चूल फुंकताना पदर पेटला होता एकदा. आषाढातल्या आखाडीला एक जीप वाडीत येऊन थांबली, आणि तीतून भागूबाई नातीला घेऊन उतरली. पोरीचं सगळं सामान एका गाठोड्यात.

"घे," ती पंचफुलाला म्हणाली. "माझ्यानं होत न्हाई आता. मी जिवंत हाय तोवर चंपतला अडवीन. पुढचं तू बघ."

पंचफुला म्हातारीच्या पायावर वाकली, तर तिनं खांद्याला धरून उठवलं. ती मुक्कामाला राहिली नाही. जीप वळेपर्यंत सुकन्या रस्त्यात उभी होती, आणि पुढचे दोन दिवस तिनं गाठोड्याची गाठ सोडली नाही.

पंचफुला हिंगोलीला गेली. करुणाच्या केसांत आता पांढरं दिसत होतं, बाहेर पाटी मोठी होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "निजामाबादचा निकाल अजून त्याच्याच बाजूनं हाय, हे विसरू नका. पण तो बदलून घ्यायचा, तर आता लेकराचं राहणं इथलं म्हणता येईल. पोरगी इथंच राहिली, इथल्या शाळेत गेली, तर आपल्याला हिंगोलीच्या कोर्टात जाता येईल."

"किती दिवस राहिलं म्हंजे 'राहतं' म्हणतेत, बाई?"

करुणानं पेन खाली ठेवलं. "असा आकडा न्हाई कायद्यात. ती इथंच राहणार, असं दिसलं पाहिजे. तुमीबी."

सुकन्याला शाळेत दोन वर्ग खाली बसवलं, कारण तिला मराठी बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. लहान पोरांच्या बाकावर ती गुडघे दुमडून बसायची आणि घरी येऊन दप्तर फेकायची. "तू सुट्टीत मला त्या वावरात काहून न्यायचीस? तवाच सोडून द्यायचं होतं," असं एकदा ती आईला म्हणाली. पंचफुलानं फेकलेलं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं. गल्लीत मोटारसायकल वाजली की तिच्या हातातलं काम थांबायचं; सुकन्याच्याही हातातलं थांबायचं, हे तिनं पाहिलं होतं.

दसरा झाला. पंचफुलानं आपली मेंढरं प्रभूच्या कळपात घातली. निघायच्या सकाळी प्रभूनं घोड्यावर बिऱ्हाड चढवलं. त्याची बायको, पोरं, कुत्री, सगळी वाडीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं तो थांबला. "अक्का, वर्षभर एका जागी कशी राहशील तू?"

"राहीन," ती म्हणाली.

मेंढरं तिचा आवाज ओळखत होती. दोन-तीन वळून मागं आली. तिनं हाक मारली नाही. तोंडावर पदर धरून ती उभी राहिली, आणि प्रभूनं ती हाकून नेली. धूळ खाली बसल्यावर ती घरात गेली. सुकन्या उठली होती. शाळेची वेळ होत आली होती, आणि पोरीला डब्यात भात लागायचा.